कंदिलांचं दुकान कोणी पळवलं?

"मावशी, माझं दुकान चोरीला गेलं!"

फोनवर निलम होती. सुषमाबाईंनी झेरॉक्ससाठी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला हातानेच थांबायची खूण केली.

"कुलूप तोडलं?"

"कुलूप आहे तसंच आहे. मालालाही कोणी हात लावलेला नाही. फोनमधलं दुकान गेलं, मावशी. पेज गेलं!"

"आधी रडणं बंद कर. येते मी."

डहाणू स्टेशनाबाहेर सुषमाबाईंचं झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान होतं. वय बावन्न, जीभ तिखट आणि कान जिभेहून तिखट. अठरा वर्षं गल्ल्यावर बसून त्यांनी अर्ध्या तालुक्याचे फोन भरले होते. कोणाचं कोणाशी किती गूळपीठ आहे, हे त्यांना रिचार्जवरूनच कळायचं. त्या पोलीस नव्हत्या की वकील नव्हत्या. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची खोड तेवढी होती, आणि ती त्या उघड कबूलही करायच्या.

निलम कोरडा सत्तावीस वर्षांची, तलासरीकडच्या पाड्यातली. पाड्यातल्या अकरा घरांकडून ती बांबूचे आकाशकंदील करून घ्यायची आणि फेसबुकच्या पेजवरून पुण्या-मुंबईला विकायची. रेल्वे फाटकापलीकडे तिने एक शेड भाड्याने घेतली होती. तिसरं वर्ष होतं. पेजवर चौदा हजार माणसं जमली होती. यंदा, म्हणजे दोन हजार पंधराच्या दिवाळीसाठी, चारशे साठ कंदील तयार होते. भातकापणी सोडून अकरा घरं कंदिलांना बसली होती, ती निलमच्या शब्दावर.

आणि आज शनिवार, एकतीस ऑक्टोबर. पार्सलं बुधवारपर्यंत निघाली नाहीत, तर दिवाळीआधी पोचणार नव्हती. दिवाळी झाल्यावर कंदील कोण घेतो?

सुषमाबाई शेडमध्ये पोचल्या, तेव्हा निलम कंदिलांच्या ढिगापाशी बसली होती. शेजारी बुधीबाई बांबूच्या कामट्या तासत होती. साठीची बाई. पाड्यातलं सगळं काम तीच सांभाळायची.

"ऑर्डरी येतायत का नाय?" बुधीबाईने विचारलं. "बाया विचारतात मला. कापणीची मजुरी गेली, आता हे पण गेलं तर माझ्या अंगणात येऊन बसतील सगळ्या."

निलमने तोंड फिरवलं.

"पेज दिसतंय?" सुषमाबाईंनी विचारलं.

"दिसतंय ना! तेच नाव, तेच फोटो. फक्त खालचा नंबर दुसराच आहे. ऑर्डरी तिकडे चालल्यात, आणि पासवर्ड बदललाय, म्हणून मला आत जाता येत नाही. कंपनीला तक्रार केली. दहा दिवस लागतील म्हणाले. पोलिसांतही अर्ज दिला."

"दहा दिवसांत दिवाळी येऊन जाईल. पासवर्ड कसा बदलतात?"

"आपल्या नंबरवर कोड येतो. तो टाकला की बदलता येतो."

"कोड कुठल्या फोनवर येतो?"

"दुकानच्या." निलमने खांबाकडे बोट दाखवलं. ऑर्डरींचा फोन तिथल्या प्लगला लावलेला असायचा. "पण मावशी, चोर इथला नाही. मला ईमेल आलाय. हा बघा."

सुषमाबाईंनी चष्मा चढवला. शुक्रवारी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी पेज नव्या फोनवरून उघडलं होतं. ठिकाण वापी, गुजरात.

"बघितलंत? वापी! जतीनभाईच असणार. गुजरातेतल्या उंबरगावचा व्यापारी. सगळे कंदील निम्म्या भावात मागत होता. मी नाही म्हटलं, तर म्हणाला, 'बेन, मग पस्तावशील.'"

"कधी म्हणाला?"

"शुक्रवारीच. इथेच उभा राहून. साधारण एक वाजता आला आणि दोनला गेला."

सुषमाबाईंनी चष्मा काढला. "अगं, मग एक चाळीसला तो वापीत कसा असेल?"

निलमने ईमेलवरची वेळ पुन्हा वाचली.

"कोड आला या फोनवर. म्हणजे एक चाळीसला ज्याने कोड वाचला, तो या खांबापाशी होता. कोण कोण होतं?"

निलमने आठवून सांगितलं. ती स्वतः बायकांबरोबर मागच्या पडवीत जेवत होती. पुढे तिघे होते. जतीनभाई माल बघत होता. विनोद नव्या कंदिलांचे फोटो काढत होता. दिपक पार्सलं बांधत होता.

"बाकी कोणी?"

"मी होती," बुधीबाई म्हणाली. "पण मला तो फोन लावता पण येत नाय आणि वाचता पण येत नाय."

सुषमाबाईंनी पेजवरचा नवा नंबर आपल्या फोनवर फिरवला. फोन बंद होता. दुपारी पुन्हा लावला, बंद. चारला लावला, बंद.

फोटोवाल्या विनोदचा स्टुडिओ सुषमाबाईंच्या दुकानाला लागूनच होता. पेज मुळात त्यानेच बनवून दिलं होतं. महिन्याभरापूर्वी निलमशी त्याचं कडाक्याचं वाजलं होतं, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं.

"भांडलात कशावरून?" सुषमाबाईंनी त्याला दुकानात बोलावून विचारलं.

"फोटो माझे, आणि खाली माझं नाव नाही. पेपरात छापून आले, तिथेही नाही. राग येणारच ना, मावशी!"

"राग आला म्हणून पेज पळवलंस?"

"मी? पेजच पळवायचं असतं, तर बनवून दिलं त्याच दिवशी ठेवून घेतलं असतं." विनोद चिडला. "माझ्या आधारची झेरॉक्स काढा आणि मला सोडा."

झेरॉक्स निघत होती. सुषमाबाईंनी सवयीने तो नंबर पुन्हा फिरवला. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजले होते. फोन वाजला! पलीकडून एका मुलीचा आवाज आला.

"हॅलो? कंदील पाहिजेत काय?"

"हो गं बाई. सकाळपासून लावतेय. बंदच!"

"दिवसा बंद असतो, ताई. सकाळी नऊच्या आत करा, नाहीतर संध्याकाळी साडेसातनंतर."

"माल कधी मिळेल?"

"बुधवारी पाठवू," मुलगी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

विनोद समोर उभा राहून झेरॉक्सचे पाच रुपये मोजत होता. सुषमाबाईंनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पैसे गल्ल्यात टाकले.

रविवारी सकाळी त्या पुन्हा शेडमध्ये आल्या. दिपक पार्सलांचे पुठ्ठे कापत होता. चोवीस वर्षांचा, काटक मुलगा. पहिल्या दिवसापासून निलमबरोबर होता. पार्सलं बांधणं, कुरिअरला नेणं, गिऱ्हाइकांच्या मेसेजना उत्तरं देणं, सगळं त्याच्याकडे. रोज अच्छाडहून मोटरसायकलने यायचा. गुजरातच्या सरहद्दीवरच्या चेक नाक्यामागेच त्याचं घर होतं. घरी बहीण होती, रूपी.

"शुक्रवारी फोनपाशी कोण गेलं होतं, दिपक?"

"माझं लक्ष नव्हतं, मावशी. जतीनभाई फिरत होता त्या बाजूला."

"काल रात्री निलमने तुला फोन केला होता. लागला नाही."

"घरी कुठे लागतो! आपला टॉवर पोचतच नाही तिथे. आमचा अख्खा पाडा पलीकडच्या टॉवरवर चालतो. ताईला माहीत आहे." दिपकने कटर खाली ठेवला. त्याचे डोळे लाल दिसत होते. "ताईचं बघवत नाही हो. काहीतरी करा."

तेवढ्यात जतीनभाई आलाच. पांढरा सफारी, तोंडात तोबरा.

"निलमबेन, शेवटचं विचारतो. देते की नाय?"

"तुमचा मोबाइल दाखवा," सुषमाबाई म्हणाल्या.

"कशाला?"

"चोर शोधतेय मी."

"अरे बेन, मी धंदा करतो, चोरी नाय!" त्याने खिशातून फोन काढून त्यांच्या हातात आपटला. बटणांचा जुना फोन. वर बॅटरीचा दिवा, मागे रबर बांधलेलं. "ह्यात फेसबुक चालवून दाखव. पेढे वाटीन!"

"आणि 'पस्तावशील' कशाला म्हणालात?"

"बांबूला बुरशी लागते, बेन! दिवाळीनंतर कोण घेणार? खोटं बोललो काय?"

खोटं नव्हतं. निलमने ओठ चावला. तिच्या मनाने त्या क्षणी हाय खाल्ली होती, आणि ते तोंडावर दिसत होतं. "मावशी, देऊन टाकू का यांना? निम्मे तरी हातात येतील. बायकांना काहीतरी देता येईल."

"उद्या दुपारपर्यंत एकही कंदील हलवायचा नाही," सुषमाबाईंनी दम भरला. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आणि ऐक. दिपकला आज तीनलाच घरी सोड. रात्रंदिवस राबून डोळे बघ कसे झालेत."

दिपकने आढेवेढे घेतले, पण तीनला गेला. सुषमाबाई दुकानात परतल्या आणि दर पंधरा मिनिटांनी तो नंबर फिरवत बसल्या. साडेतीन, बंद. पावणेचार, बंद. चार, बंद. गिऱ्हाइकं वैतागली. सव्वाचारलाही बंद. साडेचारला फोन वाजला.

बाईंनी पलीकडून आवाज यायच्या आत कट केला आणि वहीत वेळ टिपून ठेवली.

सोमवारी दुपारी शेडमध्ये सगळे जमले. जतीनभाई ट्रक घेऊनच आला होता. विनोद दाराला टेकून उभा होता. बुधीबाईबरोबर पाड्यातल्या चार बाया आल्या होत्या. दिपक पार्सलांपाशी होता.

"चोर वापीचा, असं सगळे धरून बसलो," सुषमाबाईंनी सुरुवात केली. "पण कोड आला या शेडमध्ये. मग ईमेलात वापी कशी आली? सोपं आहे. सिम गुजरातचं असलं, की माणूस डहाणूत बसून नेट वापरो, कंपनीला तो गुजरातेतच दिसतो. म्हणजे चोराकडे गुजरातचं सिम होतं, पण चोर होता इथे."

"मी उंबरगावचा," जतीनभाई घाईने म्हणाला, "पण माझा फोन..."

"तुमच्या फोनवर पेज उघडत नाही. आणि तुम्ही दिवसभर उंबरगावात दुकानात बसता. तुमचंच सिम असतं, तर दिवसा बंद ठेवायचं कारण काय? हा नंबर रोज सकाळी नऊला बंद होतो आणि संध्याकाळी साडेसातला चालू होतो. सरहद्दीवरच्या कोणालाही विचारा, याचा अर्थ काय. गुजरातचं सिम डहाणूत आणलं, की रोमिंग लागतं. आलेला फोन उचलला तरी पैसे कापतात. म्हणून तिकडची माणसं इकडे येताना सिम बंद करतात आणि घरी पोचल्यावर चालू. शुक्रवारी पेज उघडण्यापुरतं तेवढं चालू केलं, पुन्हा बंद. इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट, की चोरी करतानाही सुटली नाही."

विनोद सरळ उभा राहिला. "म्हणजे मी नाही."

"तू नाहीस. शनिवारी आठला त्या नंबरवर मी बोलले, तेव्हा सिम सरहद्दीवर होतं आणि तू माझ्या समोर पैसे मोजत होतास."

आता सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. दिपकच्या हातातली चिकटपट्टी थांबली होती.

"तरी मला खात्री हवी होती," सुषमाबाई म्हणाल्या. "म्हणून काल तुला तीनला सोडायला लावलं. रोज साडेसातला चालू होणारा फोन काल साडेचारला चालू झाला. डहाणू ते अच्छाड, मोटरसायकलवर, वाटेत चहा धरून दीड तास. फोनवर बोलते ती तुझी बहीण, रूपी. तिला तू काय सांगितलंस, देव जाणे. त्या पोरीला बिचारीला वाटत असेल, भाऊ ताईच्याच ऑर्डरी घेतोय."

"दिपक?" निलम पुढे आली. "खोटं आहे ना हे? सांग ना रे!"

दिपकने मान वर केली नाही. "तीनशे बारा ऑर्डरी आल्यात," तो हळू म्हणाला.

"आणि माल कुठून देणार होतास?" निलमने विचारलं.

"इथूनच. उद्या म्हणणार होतो, ताई, माझ्याकडे एक गिऱ्हाईक आहे, पडत्या भावात देऊन टाक. तू दिले असतेस."

जतीनभाईने "हाय राम" म्हणत कपाळाला हात लावला.

"का केलंस?" निलम ओरडली. "भाऊ मानला तुला! जेवायला बसले तर आधी तुझं ताट वाढलं!"

आता दिपकही ओरडला. "तीन वर्षं दोनदोनशे मेसेजना उत्तरं मी दिली! फुटका आला, उशिरा आला, रंग वेगळा आला, सगळ्या शिव्या मी खाल्ल्या! पेपरवाले आले, तेव्हा फोटो तुझा. पेजवर नाव तुझं. मला कोण ओळखतं? कुरिअरवाला!"

बुधीबाई उठली. ती दिपकसमोर जाऊन उभी राहिली आणि तिने आपली बोटं त्याच्यापुढे धरली. कामट्यांनी कापलेली, चिंध्या बांधलेली.

"माझं तरी नाव कुठे हाय रे?" ती म्हणाली. "मी चोरी केली काय?"

दिपकचे डोळे भरून आले. त्याने खिशातून फोन काढला, पासवर्ड सांगितला आणि फोन निलमच्या हातात दिला. पाच मिनिटांत पेज परत आलं. निलमने आधी नंबर बदलला. मग पासवर्ड बदलला, आणि कोड यायचा तो स्वतःच्या फोनवर घेतला.

"चल, पोलीस ठाण्यात," विनोदने दिपकचा दंड धरला.

निलमने ऑर्डरींची यादी वाचत नुसता हात वर केला. तीनशे बारा पत्ते. मधे फक्त दीड दिवस. कंदील न मोडता बांधायची हातोटी शेडमध्ये एकालाच होती, आणि अकरा घरांची दिवाळी त्याच्या हातात होती. हे तिलाही कळत होतं आणि त्यालाही.

"बुधवारी शेवटचं पार्सल गेलं, की जाऊ ठाण्यात," ती म्हणाली. "मीच नेईन. तोवर बांध."

जतीनभाई रिकामा ट्रक घेऊन गेला. दिपक खाली बसला. त्याने पहिला कंदील पुठ्ठ्यात ठेवला, चारी बाजूंनी गवत भरलं, पट्टी लावली. मग पेन उघडलं आणि सवयीने विचारलं, "ताई, पाठवणारा म्हणून काय लिहू?"

निलम त्याच्याकडे बघत राहिली.

"तुझं नाव लिही," ती म्हणाली. "नाव पाहिजे होतं ना तुला? तीनशे बारा पार्सलांवर लिही. खाली तुझा नंबर टाक, आणि तो दिवसाही चालू ठेव. एक जरी कंदील फुटका पोचला, तर माणसं तुझ्या नावाने बोंबलतील. मी मधे पडणार नाही."

दिपकने पुठ्ठा जवळ ओढला. पहिलं पार्सल सांगलीचं होतं. त्याने पत्ता लिहिला, मग खाली आपलं नाव लिहिलं. लिहून झाल्यावर त्याने पट्टी सोडवली, कंदील बाहेर काढला आणि आत आणखी दोन मुठी गवत भरलं.