तीन किलोमीटरचा रस्ता

बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्यातल्या एका मालवाहतूक कंपनीत मी दहा वर्षं नकाशे काढत होते. मूळची बेळगावची, शिक्षण ड्राफ्ट्समनचा डिप्लोमा. माझं काम ड्रायव्हरांसाठी मार्गपत्रकं करण्याचं. एका खेपेला एक कागद. कुठल्या फाट्याला वळायचं, कुठल्या पुलाखालून भरलेला ट्रक जात नाही, कुठल्या गावात मंगळवारी बाजार असतो आणि रस्ता अडतो, हे सगळं मी त्यावर शाईनं काढायची. सरकारी नकाशात यातलं काही नसतं. ड्रायव्हर परत आले की माझ्या टेबलापाशी येऊन सांगायचे आणि मी पत्रक दुरुस्त करायची.

अठ्ठ्याण्णव सालच्या ऑगस्टमध्ये आमचे मालक पद्मनाभ यांनी ट्रकांवर उपग्रहाची यंत्रं बसवली. टपावर पांढरा घुमट आणि स्टिअरिंगशेजारी छोटा पडदा. पडद्यावर एक बाण दिसायचा आणि पुढचं ठिकाण किती लांब आहे तो आकडा. दर पंधरा मिनिटांनी ट्रकची जागा ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर उमटायची. यंत्रांबरोबर पुण्याहून निहार आला. चोवीस वर्षांचा, हुशार, वागायलाही वाईट नाही. माझी पत्रकं त्यानं दोन दिवस चाळली आणि म्हणाला, "मॅडम, हे खूप सुंदर आहे. पण आता याचा युज नाही."

त्या 'सुंदर'चाच मला जास्त राग आला. आठवड्याभरात माझं टेबल गोदामात गेलं, टायरांच्या थप्पीशेजारी. मी निहारच्या हाताखाली गावांची नावं टाइप करायला लागले.

देवनहळ्ळीच्या पलीकडे एका सूतगिरणीला आम्ही यंत्रांचे सुटे भाग पोचवायचो. त्या वाटेवर एक रस्ता होता. तीन किलोमीटरचा, सरळ, दोन्ही बाजूंना निलगिरी, मध्ये थोडासा चढ. माझ्या पत्रकांवर तो नव्हता. माझ्या आधीच्या ड्राफ्ट्समनच्या पत्रकांवरही नव्हता. आमचे ट्रक त्याला टाळून तळ्याच्या बाजूनं अकरा किलोमीटरचा वळसा घेत. का, असं मी सुरुवातीला एकदा विचारलं होतं. एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "लांब पडतो तो." मी म्हटलं, अहो, तो तर जवळचा आहे. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विषय बदलला. पुढे मी विचारलं नाही.

निहारनं तो रस्ता सरकारी नकाशात पाहिला आणि कॉम्प्युटरमध्ये भरला.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी त्या गिरणीची खेप ज्योतिबाकडे होती. ज्योतिबा निपाणीकडचा, बेचाळीस वर्षांचा, कमी बोलणारा; घरी बायको, गंगव्वा. आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, आदल्या दिवशी त्याच्या ट्रकला सहाच्या सहा टायर नवे लागले होते. ते दोन आठवडे माझ्या टेबलाशेजारी पडून होते, नव्या रबराच्या वासानं माझं डोकं दुखायचं, म्हणून मला ते पक्कं आठवतं. बंपरवर झेंडूचा हार अजून ताजा होता.

सकाळी आठला तो गोदामाच्या दारात आला.

"अक्का, मशीन सरळ जा म्हणतंय बगा. त्या निलगिरीतनं. काय करू?"

मी टाइप करायच्या याद्या लावत होते. मान वर न करता म्हणाले, "मला काय विचारता, ज्योतिबाअण्णा? मशीनलाच विचारा."

तो "बरं" म्हणाला आणि गेला.

मी जे बोलले त्याचा अर्थ मला ठाऊक होता. एकदा फजिती होऊ दे, मग येतील माझ्याकडे, असं माझ्या मनात होतं. ट्रक खड्ड्यात रुतेल, फार तर चाक निखळेल, एवढंच मला वाटलं होतं. एवढं मात्र वाटलं होतं.

अकरा वाजता ट्रक त्या रस्त्याच्या तोंडाशी होता. सव्वा अकराला दुसऱ्या टोकाला. साडेअकराला गिरणीच्या फाटकात. निहारनं मला मुद्दाम बोलावून पडदा दाखवला. "बघा मॅडम, किती वेळ वाचला."

बाराला गिरणीतून फोन आला. ड्रायव्हर केबिनमधून खाली उतरत नाही. कुणा अक्काला बोलवा म्हणतोय.

आम्ही जीपनं निघालो. पोचायला अडीच वाजले. ट्रक फाटकाच्या आत उन्हात उभा होता. मी आधी टायर पाहिले. गुळगुळीत होते, दोन ठिकाणी आतलं कापड दिसत होतं. बंपरवर नुसती तार होती, गंजलेली. टपाचा निळा रंग विटून राखेसारखा झाला होता.

ज्योतिबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. कानशिलं पांढरी झाली होती. डोळ्यांवर चष्मा होता, एका काडीला दोरा बांधलेला. सकाळी त्याला चष्मा नव्हता.

त्यानं मला बराच वेळ निरखलं.

"अक्का," तो म्हणाला, "तुमी अजून तितंच कामाला हाय?"

"हो," मी म्हणाले.

"कुठलं साल हे?"

"अठ्ठ्याण्णव."

त्यानं ते तोंडातल्या तोंडात दोनदा म्हटलं. बोलताना दिसलं, खालच्या दोन दाढा नव्हत्या आणि तिथली हिरडी भरून आली होती. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मंग गंगव्वा हाय न्हवं?"

"आहे की. घरीच आहे."

तेव्हा तो रडला. कपाळ स्टिअरिंगवर टेकवून, आवाज न करता.

गिरणीच्या लोकांनी खोकी उतरवली. सीलं शाबूत होती. आतला प्रत्येक भाग गंजून एकमेकांना चिकटला होता.

चौकशी तीन दिवसांनी झाली. खेपेच्या सकाळी आमच्या फाटकावरच्या वहीत किलोमीटरचं मीटर एक्केचाळीस हजार दोनशे सहा असं नोंदलेलं होतं. आता ते अडतीस हजार नऊशे अकरा दाखवत होतं. निहार म्हणाला, मीटर उलटं फिरवलंय, उघड आहे. टायर बदललेत, माल बदललाय. आणि रेकॉर्ड बघा सर, गाडी कुठेही थांबलेली नाही, पंधरा मिनिटांत तीन किलोमीटर. मालक मान हलवत होते, "सरी, सरी."

मीटर पाच आकडी होतं. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवच्या पुढे ते पुन्हा शून्यावर येतं. असं किती वेळा झालं, ते मीटर सांगू शकत नाही. मी हे मनात म्हटलं, मोठ्यानं म्हटलं नाही.

त्याच्या पांढऱ्या कानशिलांबद्दल, चष्म्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. निहारला तो गाडीच्या नंबरावरून माहीत होता. मालकांनी त्याला वर्षातून एकदा, पूजेच्या दिवशी, पेढ्याचा पुडा देताना पाहिलेलं. ड्रायव्हरच्या तोंडाकडे कुणी नीट बघितलेलंच नसतं.

मालकांनी मला एकच प्रश्न विचारला. "तो रस्ता तुम्ही का टाळत होता? काही कारण होतं?"

ज्योतिबा माझ्याकडे बघत होता.

"आधीच्या ड्राफ्ट्समननं तसं काढलं होतं," मी म्हणाले. "मी तेच पुढे चालवलं."

ज्योतिबाची नोकरी गेली.

नोव्हेंबरात एका रविवारी मी त्याच्या घरी गेले. बोम्मनहळ्ळीला एक खोली. सोळा वर्षांच्या संसारात मूल नव्हतं, घर नीटनेटकं होतं. ज्योतिबा जमिनीवर कागद पसरून बसला होता. माझीच रद्द झालेली पत्रकं कुणीतरी त्याला आणून दिली होती, त्यांच्या कोऱ्या बाजूवर तो पेन्सिलीनं काहीतरी काढत होता. कागदाला कागद चिकटवत चारी भिंतींवर एक रस्ता गेला होता. नद्या, घाट, गावं. गावांची नावं कन्नड नव्हती, मराठीही नव्हती. एका गावापाशी येऊन रस्ता थांबला होता. तिथं त्यानं घरन् घर काढलं होतं, विहीर, पिठाची चक्की, शाळा.

"इथं किती दिवस होता?" मी विचारलं.

"दिवस?" तो म्हणाला आणि पेन्सिल तासत राहिला.

"मग परत कसे आलात?"

"गाडी चालू करून बगितली एक दिवशी. बरीच वर्सं बंद हुती. चालू झाली. म्हटलं गावच्या तळ्यापत्तुर जाऊन येतो." पेन्सिलीचं टोक मोडलं. "तळ्याच्या म्होरं चढ लागला. चढ उतरलो तर समोर गिरणी."

मी उठताना त्याला म्हणाले, "अण्णा, त्या दिवशी सकाळी मी तुम्हाला थांबवायला हवं होतं."

त्यानं मान हलवली. माफ केलं की नुसतं ऐकलं, ते मला कळलं नाही. आजही माहीत नाही.

डिसेंबरातल्या एका शनिवारी गंगव्वा माझ्या घरी आली. गोरी, बुटकी, चाळिशीतली बाई. उंबऱ्यातच तिनं पदराखालून एक शर्ट काढला.

"ह्यो बगा अक्का. दसऱ्याला चिकपेटातनं आणलेला. त्या दिवशी पयल्यांदा घातलेला."

कॉलर विरून गेली होती. उजव्या कोपराला ठिगळ होतं, बारीक फुलांच्या कापडाचं. टाके इतके लहान आणि सारखे, की कापडातच विणल्यासारखे वाटत होते.

"ह्यो टाका माजा न्हवं," गंगव्वा म्हणाली. "आणि कापड पोरीच्या झग्याचं हाय."

मी तिला आत बोलावलं, ती आली नाही.

"इचारलं मी. आदी बोलेनात. मंग समदं सांगितलं. पोरीची आई न्हाई आता. पोरगी हाय, धा वर्सांची, ह्यांस्नी आबा म्हणती. तळ्यापत्तुर जाऊन येतो म्हणून सांगून आल्यात तिला." तिनं शर्टाची घडी घातली. "उद्या जाणार हायत. मी म्हटलं जावा. ल्येकराला असं सोडतंय व्हय कोन? तुमी येता का संगं? मला एकटीला तितं वाट बगत बसाया भ्या वाटतंय."

रविवारी सकाळी देवनहळ्ळीपर्यंत बस आणि पुढं टेम्पो. गंगव्वाच्या एका हातात फुगलेली कापडी पिशवी होती, दुसऱ्यात चहाचा थर्मास. ज्योतिबाकडे काहीच नव्हतं. मी माझ्या हातानं त्या फाट्याचं पत्रक काढून आणलं होतं, तो रस्ता घालून. पहिल्यांदाच. त्याला दिलं. त्यानं ते पाहिलं, हसला आणि परत माझ्या हातात ठेवलं.

फाट्यावर एक छोटा पूल होता, ओढ्यावरचा. त्याच्या कठड्यावर आम्ही दोघी बसलो.

"इथंच बसा," तो गंगव्वाला म्हणाला. "हलू नगासा."

"न्हाई हलत."

साडेदहा वाजले होते. स्वच्छ ऊन होतं. रस्त्यावर निलगिरीची पानं आणि सायकलीच्या चाकाचा एक माग. एक बाई शेळ्या घेऊन आमच्या मागून गेली. ज्योतिबा रस्त्याच्या मधोमध चालत निघाला. आम्हाला तो बराच वेळ दिसत होता. चढावर पोचल्यावर त्यानं वळून पाहिलं. मग त्याचं डोकं दिसेनासं झालं.

गंगव्वानं थर्मासमधून झाकणात चहा ओतला. मला दिला. मी एक घोट घेतला.

चढावर कुणीतरी दिसलं.

एकटंच माणूस होतं. हळू चालत होतं, थांबत थांबत. गंगव्वा उभी राहिली.

जवळ आल्यावर दिसलं, ती म्हातारी होती. सत्तरीची असावी. पाठीत वाकलेली, अनवाणी, हातात निलगिरीची काठी. पायाला काळी माती लागली होती. इकडची माती लाल आहे.

मला वाटलं, पलीकडच्या गावची असेल. पुढं जाईल.

ती आमच्यासमोर थांबली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. गंगव्वाच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

"आबा म्हणाले हुते," ती निपाणीकडच्या बोलीत म्हणाली, "आई पुलावर बसलेली आसंल."

गंगव्वानं रस्त्याकडे पाहिलं. चढावर कुणी नव्हतं.

"आणि ते?"

म्हातारीनं मान हलवली. "लई वर्सं झाली."

चहाची वाफ अजून निघत होती.

गंगव्वा सरकली. कठड्यावर तिनं जागा केली, म्हातारीचा हात धरून तिला बसवलं. मग पिशवीची गाठ सोडली. वरचा लहान झगा तिनं बाजूला केला. त्याखालचं परकर-पोलकं बाजूला केलं. आणि तळाशी घडी घालून ठेवलेलं लुगडं बाहेर काढलं.