भिंतीपलीकडचा बॉल

मनाने रचून सांगायला मला वेळ नाही. हे माझ्या मावसभावाबरोबर, उमंगबरोबर घडलं. फुलपाड्यात, विरार पूर्वेला. गेल्या वर्षी ऑगस्टचा शेवटचा रविवार, संध्याकाळचे सहा.

त्याच्या बिल्डिंगमागे एक अर्धवट रस्ता आहे. टोकाला भिंत. पलीकडे इमारतीसाठी खणून तसाच सोडलेला खड्डा. पावसाळ्यात तुडुंब भरतो.

नोकरीवाली सात-आठ पोरं रविवारी तिथे फुटबॉल खेळायची. दोन चपलांचा गोल, आणि नियम एकच. बॉलला शेवटचा पाय ज्याचा, त्यानेच तो पलीकडून आणायचा.

जुलैत उमंगने मारलेला बॉल भिंतीपलीकडे गेला. पाऊस लागला होता. आमच्या उमंगसाहेबांना जायचा कंटाळा आला.

"फेबियन, तुला लागून गेलाय. जा."

"नाय रे, तूच मारलास."

"लागला म्हणतोय ना! जा की."

फेबियन हसतच भिंत चढला.

पाण्यात काहीतरी पडलं...

मग काहीच नाही.

फेबियनला बाहेर काढलं. बॉल मिळाला नाही.

चर्चमध्ये त्याच्या अंत्यविधीच्या मिस्सेनंतर त्याच्या आईने, लिडिया आंटीने, उमंगला विचारलं, "शेवटचा पाय कोनाचा होता?"

"त्याचाच, आंटी."

भाऊ आहे माझा, तरी या उत्तराचा मला आजही संताप येतो.

त्या ऑगस्टच्या रविवारी पोरं पुन्हा उतरली. नवाकोरा बॉल. विघ्नेशने मारला आणि तो थेट भिंतीपलीकडे.

सगळे कान देऊन उभे राहिले...

पाण्याचा आवाज आलाच नाही.

आणि बॉल परत आला. भिंतीवरून. थेट उमंगच्या पायाशी येऊन थांबला.

चिंब ओला... आणि जुना. जुलैतला.

पोरं पळाली. उमंग धावत सुटला तो लिडिया आंटीच्या दारात.

"आंटी, मी खोटं बोललो. शेवटचा पाय माझा होता. तो नको म्हणत होता, मीच पाठवला."

लिडिया आंटीने त्याला आत घेतलं.

"ठाव हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"तोच सांगतो. रोज सातला इथे दारात उभा ऱ्हातो. ओला. उमंग खरं बोलला की जाईन, म्हणतो." तिने डोळे पुसले. "म्हणून तर तुला परत विचारलं नाय रे मी."

दोघं दाराकडे बघत बसले.

सात वाजले...

साडेसात...

कुणीही आलं नाही.

त्या दिवसापासून आजपर्यंत नाही. मला हे उमगत नाही, झोपही लागत नाही. परवा उमंगला घेऊन मी लिडिया आंटीकडे गेले. दार सताड उघडं, खुर्ची दाराकडे तोंड करून. तिने आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही.

उमंगकडे बघून एवढंच म्हणाली, "कशाला बोललास?"