खालच्याची हाक

तळघरातला तो जुना कॉम्प्युटर चांगला कपाटाएवढा होता आणि वजन म्हणाल तर पाच गड्यांचा घाम काढणारं. कचेरी कधीच दुसरीकडे गेली. हे धूड तेवढं मागे राहिलं. गेल्या वर्षी ते वर चढवताना हमालांच्या टोळीतल्या ताईचा भाऊ त्याच्याखाली सापडून गेला.

अवजड सामान हलवणाऱ्यांचा एक नियम असतो. जिन्यावर जो सगळ्यात खाली, त्यालाच पायरीची कड दिसते, म्हणून हाक त्याचीच. तो ‘सोडा’ म्हणाला की वरच्यांनी पट्टे सोडायचे. त्या दिवशी जिन्याच्या मध्यावरच ‘सोडा’ आलं, आणि वरच्यांनी सोडलं.

“दादाच ओरडला गं. माझ्या कानांनी ऐकलं,” टोळीतले सगळ्यात जुने काका आजही शपथेवर सांगत.

“माझा भाऊ काय खुळा होता, अंगावर ओढून घ्यायला?” ताई फणकारली. “आज खाली मी. आणि तोंडी हाक बंद. माझा आवाज आला तरी हलायचं नाही. पहारीचे ठोके ऐका. एक म्हणजे उचला, दोन टेका, तीन सोडा.”

तिनं पत्र्यावर एक ठोका मारला. धूड हललं. पत्रा गारठलेला होता, आतून जळक्या वायरीचा वास येत होता. पायरीमागून पायरी सरत जिन्याचा मध्य आला.

“सोडा!”

आवाज ताईचा होता. ताईचे ओठ मिटलेले होते.

वर पट्टे थरथरले, पण कुणी सोडले नाहीत. ताईनं दोन ठोके मारले. कपाट टेकलं. काका वरून वाकले, चेहरा पांढराफटक.

“ताई… दादा नव्हता गं तो. आम्ही उगाच त्याला…”

“वर्षभर घसा फोडून हेच सांगतेय, मेल्यांनो!” तिला रडूच कोसळलं. मग तिनं पत्र्यावर सणसणीत थाप मारली. “ऐकलंस? घाल आता हवी तेवढी बोंब. माझी माणसं हाकेवर हलायची नाहीत.”

डोळे पुसायला तिनं पहार भिंतीला टेकवली.

आतून एक ठोका आला.

वरच्यांनी मुकाट्यानं उचललं.

“मी नाही! टेकवा!” ताई जिवाच्या आकांतानं ओरडली. कुणी ऐकलं नाही. तिनंच तसं बजावलं होतं.

पहारीपर्यंत हात पोचत नव्हता. तिनं पाय रोवले, कपाटाला खांदा भिडवला.

“ये,” ती म्हणाली. “मी हटत नाही.”

आत पुन्हा ठोका पडला. सावकाश.

मग दुसरा.