टिचकी मारल्यावर मिटेल तो जिवंत

"हाही गेला," टिचकी म्हणाली आणि तिने शिंपला टोपलीत टाकला.

जिवंत शिंपल्याला टिचकी मारली की तो झटकन मिटतो. मेलेला तसाच आ वासून राहतो. सुट्टी लागल्यापासून ती ओढ्यात उभी राहून हेच करत होती, म्हणून तर तिचं नाव टिचकी पडलं.

"जरा जोरात मार. झोपला असेल," तिचा आतेभाऊ म्हणाला. तो कुजबुजला तरी पलीकडच्या काठावर ऐकू जायचं, त्यामुळे त्याला सगळे भोंगा म्हणत.

"झोपलेला असा वास मारत नाही, भोंग्या."

हे शिंपले आत्याच्या ओढा समितीने लांबच्या नदीतून आणून पुलाखाली सोडले होते. शिंपले पाणी गाळून स्वच्छ करतात. ते जगले तर ओढा उघडा राहणार, मेले तर नगरपालिका तो पाइपात घालून वरून रस्ता काढणार, असं ठरलं होतं. बैठक आज संध्याकाळीच होती. आत्याने आपली सगळी उमेद या ओढ्यापायी खर्ची घातली होती.

आत्या काठावर आली आणि टोपलीत डोकावली. "त्या वरच्या गॅरेजवाल्याचं तेल, दुसरं काय? आज सगळ्यांसमोर त्याचं नाव घेते."

"पुरावा आणतो!" भोंगा म्हणाला, आणि दोघं पळाले.

पुरावा राहिला बाजूला, गॅरेजच्या भिंतीवरून डोकावताना गॅरेजवाले काकाच मागे येऊन उभे राहिले. "काय हेरगिरी चाललीय? तेल बघायचंय? या, बघा." जळकं तेल पिंपात होतं, झाकण घट्ट होतं. "महिन्याला गाडी येऊन घेऊन जाते. भोंग्या, तुझ्या आईला मी किती वेळा सांगितलं. ऐकून घेईल तर शपथ."

भोंगा मान खाली घालून गॅरेजच्या जरा खालीच ओढ्यात उतरला आणि तिथेच थबकला. शिंपले आणताना त्याच्या हातून एक इथे निसटला होता आणि त्याबद्दल त्याने भरपूर बोलणी खाल्ली होती. तोच शिंपला दगडाच्या बेचक्यात बसला होता. टिचकीने टिचकी मारली. शिंपला झटकन मिटला.

"जिवंत आहे," ती म्हणाली. तिला आनंद झाला. मग तिने खाली पुलाकडे पाहिलं. "म्हणजे इथलं पाणी चांगलं आहे. विष याच्या खाली कुठेतरी शिरतंय."

गॅरेज आणि पुलाच्या मध्ये पाणी येण्याची एकच जागा होती. एका जुन्या पाइपाचं तोंड. टिचकीने वाकून वास घेतला. दवाखान्यासारखा वास. तो तिच्या ओळखीचा होता, कारण दर रविवारी आत्याच्या अंगणात तोच यायचा.

आत्याचा नियम कडक होता. बादलीतल्या औषधाच्या पाण्यात बूट धुतल्याशिवाय कुणी ओढ्यात पाय ठेवायचा नाही, दुसरीकडची रोगराई इथे यायला नको. मग ती बादली फाटकासमोरच्या गटाराच्या लोखंडी जाळीत रिकामी व्हायची. गटाराचं पाणी पुढे शुद्ध करतात, हे सगळ्यांना माहीतच होतं.

टिचकी पाइपापाशी बसली. भोंग्याने जाळीत साध्या पाण्याबरोबर संत्र्याची सालं ओतली आणि तिथून आरोळी ठोकली, "सोडलं!" त्याचा आवाज पहिल्यांदाच कामी आला. थोड्या वेळाने एकेक साल पाइपातून ओढ्यात पडू लागलं. एकही साल येऊ नये, असं तिला वाटत होतं.

आत्याला सांगताना ती रडलीच. आत्या रडली नाही. तिने फक्त विचारलं, "सगळी आली?"

"सगळी, आत्या."

बैठकीत आत्याने गॅरेजवाल्या काकांची माफी मागितली आणि म्हणाली, "शिंपले आम्हीच मारले. मी मारले." शोध मुलांनी लावला, हेही सांगितलं. नगरपालिकेचे इंजिनियर उठले. "शाबास! अशी हुशार मुलं हवीत," म्हणाले. टाळ्या पडल्या. मग त्यांनी घसा खाकरला. "पण ठरल्याप्रमाणे शिंपले काही जगले नाहीत."

"एक जगलाय," भोंगा म्हणाला. या वेळी त्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही गेला नाही.

"एकाने काय होतं, बाळ?"

ओढा पाइपात घालण्याच्या बाजूने हात वर झाले. गॅरेजवाल्या काकांचा झाला नाही, पण बाकीचे पुरेसे होते. बाहेर पडताना जो तो टिचकीच्या पाठीवर थाप मारत होता. तिला त्या थापा नकोशा झाल्या.

"उद्या त्याला वरच्या तळ्यात सोडून येऊ," घरी आल्यावर आत्या म्हणाली. तळ्यात उतरायचं म्हणून तिने बूट काढले, औषध कालवलं आणि ते घासून घासून धुतले. मग सवयीने बादली उचलून फाटकाबाहेर गेली आणि जाळीपाशी थांबली.

बराच वेळ ती आली नाही, म्हणून टिचकी बाहेर आली. आत्या बादली धरून तशीच उभी होती.

"टिचके," ती म्हणाली, "हे आता कुठे ओतू गं?"