रिकामा फुगा

"फुगा रिकामा ठेवायचा नाही. आधी शब्द, मग फुगा. रिकामी जागा दिसली की कुणीतरी येऊन बोलतं."

मामाचा आवाज अजून कानात आहे. त्याच्याकडे चित्रकला शिकायला बसले, त्या दिवशीची ही पहिली सूचना. फुगा म्हणजे चित्रकथेत पात्राच्या तोंडाशी असतो तो, ज्यात त्याचं बोलणं लिहितात. मी तेव्हा हसले होते.

आता हसत नाही.

इथे वाचकांनी पाठवलेल्या भुताखेतांच्या बऱ्याच गोष्टी येतात, त्यातल्या किती खऱ्या ते देव जाणे. ही माझ्याच घरात घडली. मी रोज पहाटे जपाला बसणारी, जप संपेपर्यंत मौन पाळणारी बाई. खोटं लिहून मला काय मिळणार? यात काळोखी रात्र नाही, पडकं घर नाही. गुरुवारची भर दुपार होती. माझीच खोली, माझंच टेबल.

मामानं जन्मभर एकच चित्रकथा काढली. टिल्ली. आईच्या मोठ्या चपला पायात घालून ही पोर बाहेर पडते, चुकीच्या थांब्यावर बसमधून उतरते आणि घर शोधत चालत राहते. साप्ताहिकात दर आठवड्याला एक पान. नवी गल्ली, नवी माणसं. घर काही सापडत नाही.

गेल्या वर्षी मामा गेला. जाण्याआधी माझा हात धरून म्हणाला, "दमली असेल ग पोर. तिला घरी पोचव."

मी हो म्हणाले. तेव्हापासून टिल्ली मी काढते.

पण साप्ताहिकाच्या संपादकांना तिला घरी पोचवणं पटेना.

"ताई, ती घरी पोचली की आपण सगळेच घरी बसू. हल्ली पोरांना काय लागतं? पाठीवर फडफडणारं कापड. उडवा तिला."

"उडता आलं असतं तर केव्हाच घरी गेली असती ती."

"मग उडेल, पण पत्ता आठवणार नाही."

मी चढ्या आवाजात बोलत नाही, लोक त्याचाच फायदा घेतात. तेच पान पुन्हा काढायला लावलं. कापड लांब करा. आखूड करा. रंग बदला. आणि लोकांना वाटतं, हिला काय, घरी बसून चित्रं तर काढायची. पेला धरलेला एक हात काढून दाखवा म्हणावं, बोटं जागच्या जागी. माझी नणंद तर भाजी चिरता चिरता म्हणते, "वहिनी, शेजारणीच्या पोराला एक वाघ दे ना काढून." जसे वाघ मी पिशवीत घालूनच फिरते.

त्यात संपादकांचं नवीन खूळ. "फुगे रिकामे ठेवा. संवाद आम्ही कॉम्प्युटरवर टाकू. शेवटपर्यंत बदलत असतात."

इतके दिवस मी ऐकलं नव्हतं. त्या गुरुवारी वैतागून ऐकलं.

टिल्ली काढली. पाठीवर कापड काढलं. सगळे फुगे काढले... रिकामे.

पेन खाली ठेवलं आणि चहा टाकायला गेले. नणंद बाहेर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

"कुणाचं पोर आलंय ग आत?" तिनं विचारलं.

"कुठे?"

"तुझ्या खोलीत. मोठ्या माणसाच्या चपला घातल्यात वाटतं, फरफटवत फिरतंय मघापासून."

मी कप ओट्यावर ठेवला.

दोघी आत गेलो.

कुणी नव्हतं. खिडकी बंद. पान टेबलावर, जसंच्या तसं. मी त्याचा फोटो काढून पाठवून दिला आणि विषय डोक्यातून काढला.

संध्याकाळी संपादकांचा फोन.

"ताई, राग समजू शकतो. पण हा काय प्रकार?"

"कसला?"

"सगळ्या फुग्यांत एकच लिहिलंय तुम्ही. अजून किती. अजून किती. अजून किती..."

मी पान उजेडात धरलं.

पेन्सिलीनं लिहिलेलं. वेडीवाकडी अक्षरं, दाबून काढलेली. नुकतंच लिहायला शिकलेल्या हाताची.

मी पुसलं. कागदावर वळ राहिले. पुन्हा पाठवलं.

दुसऱ्या दिवशी परत फोन. या वेळी आवाज खाली आलेला. "मी स्वतः संवाद टाकला, ताई. 'मी उडू शकते' असा. पडद्यावर नीट दिसतोय. पण कागदावर छापून बघितलं तर..."

मागे कागद फाडल्याचा आवाज आला.

"मशीन बिघडलंय बहुतेक," ते म्हणाले.

आज पहाटे मी नेहमीसारखी जपाला बसले. डोळे मिटलेले. बोटांत माळ.

टेबलाकडून आवाज आला.

फर्र... फर्र...

चपला माझ्या पाठीशी येऊन थांबल्या.

"अजून किती?"

रडवेला आवाज नव्हता तो. नुसता दमलेला.

माझं मौन सुटलेलं नव्हतं. इतक्या वर्षांत कधी मोडलं नाही. ओठ दाबून धरले. मणी बोटांत अडकला, पुढे सरकेना.

"अजून किती?"

तिसऱ्यांदा तिनं विचारलंच नाही. कुणीतरी फतकल मारून जमिनीवर बसल्याचा आवाज आला... मग तोही नाही.

जप संपला तेव्हा वळून पाहिलं. कुणी नव्हतं. फरशीवर हात ठेवला. सगळीकडे गार. तेवढाच एक तुकडा उबदार होता.

मी संपादकांना फोन लावला. "शेवटचं पान काढतेय. टिल्ली घरी जाणार."

"ताई, मालिका बंद पडेल. तुमचंही काम जाईल."

"जाऊ दे."

ते म्हणाले, "काल आमच्याकडे पण जिन्यात... बरं, असू दे. काढा तुम्ही."

जिन्यात काय, ते मला अजून माहीत नाही.

आणि दुसरं एक माहीत नाही, त्याचीच जास्त धास्ती वाटते. टिल्ली दारापर्यंत पोचेल. कडी वाजवेल. दार कोण उघडणार? आत कोण वाट बघतंय, हे मामानं कधी काढलं नाही, सांगितलंही नाही. त्याला तरी ठाऊक होतं का?

पण हो म्हटलंय मी त्याला.

कागद लावलाय. पेन्सिलीला टोक केलंय. नणंदेला सांगितलंय, आत येऊ नकोस. मागे फरशीवर कुणीतरी बसलंय, हे वळून न बघताही कळतंय.

आधी शब्द. मग फुगा.

"थोडंच राहिलं ग," मी हळूच म्हणाले, आणि दाराच्या आतल्या माणसाचा पहिला शब्द लिहायला घेतला.