आबांची भूल

"पूर्ण भूल द्या म्हणून सही कुणी केली? तूच ना!" कुंदन बायकोवर कडाडला, आणि आबांच्या तोंडाशी नेलेला घास राखीच्या हातातच राहिला...

तिचे सासरे गेणूआबा म्हणजे येवल्यात पन्नास वर्षं पैठणीच्या पदरावर मोर विणलेला माणूस. पण आता मागावर बसले की हरवल्या नजरेनं नुसते धागे कुरवाळत राहत. तीन महिन्यांपूर्वी पायाची रक्तवाहिनी तुंबली, पाय काळा पडू लागला, म्हणून नाशिकला ऑपरेशन झालं. पाय वाचला, आठवणी मात्र विरत गेल्या! कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करायचा की पूर्ण भूल द्यायची, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा रेशीम आणायला बंगळुरूला गेलेला कुंदन फोनवर म्हणाला होता, "कमरेतच द्या." पण आबांनी सुनेचा हात घट्ट धरला होता. "पोरी, जागेपणी पाय चिरताना ऐकू आलं तर मी भीतीनंच मरंल गं... मला झोपवायला सांग. पर बाप भ्याला, हे कुंदनला सांगू नको. माझी आन हाय तुला!"

ती आन काळजात पुरून राखीनं नवऱ्याचा अबोला सोसला, नणंदेचे टोमणे गिळले, आणि आबांना लेकरासारखं न्हाऊ-माखू घातलं.

आबांना नाशिकला तपासणीला नेल्यावर कुंदननं डॉक्टरांपुढंही तेच गाऱ्हाणं मांडलं: पूर्ण भुलीमुळंच आबांची आठवण गेली.

"कमरेत इंजेक्शन दिलं असतं तर हे टळलंच असतं, असं मी नाही सांगू शकत," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "वय, आधीच खराब झालेल्या रक्तवाहिन्या, ऑपरेशनचा ताण... कारणं अनेक असतात. आणि पूर्ण भूल आबांनी स्वतःच मागितली होती. माझ्यासमोर रडत होते ते."

कुंदन बायकोकडे वळला. "तीन महिने मी तुला... राखी, तू बोलली का नाहीस गं?"

"लेकापुढं मान खाली जाऊ नये, एवढंच मागणं होतं हो त्यांचं!" इतके दिवस दाबलेला हुंदका फुटलाच.

कुंदन बापाच्या पायांवर कोसळला. "आबा, भीती वाटली तर मला सांगायचं व्हतं ना... मी काय हसलो असतो का?"

आबांनी मायेनं त्याच्या केसांवरून हात फिरवला, मग राखीकडे वळून हळूच विचारलं, "कोणाचं लेकरू हाय गं हे? लय रडतंय..."

"आपलंच आहे, आबा," ती म्हणाली, आणि कुंदनचा हात तिनं त्यांच्या हाती दिला.