हेमप्रभेची मिशी

काचेच्या केबिनमधून बाईच्या गाण्याचा आवाज आला आणि संघप्रिया दचकलीच. आत कुणी बाई गेलीच नव्हती!

मीरा रोड स्टेशनसमोरच्या त्या एसटीडी बूथवर ती दोन वर्षं बसत होती. आत कोण गेलं, कोण बाहेर आलं, हे तिला मान वर न करता कळायचं. आत्ता आत गेला होता तो एक उंचापुरा गडी. शर्टाला ऑइलचे डाग, आणि मिशी अशी की लिंबू ठेवावं. रत्नागिरीला बोटीच्या इंजिनाचा पार्ट मागवायचा होता म्हणे. तिकडच्या माणसानं "थांबा, शेठला बोलावतो" म्हणून फोन बाजूला ठेवला असणार. इकडे मीटर पळतंय आणि हा बाबा डोळे मिटून गातोय…

"नको दीप दारी, तुझे पाऊल वाजे…"

केबिनचं दार नीट लागत नाही, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! संघप्रियानं हळूच मान वळवली. खरंच, तोच गात होता. एवढ्या मिशीखालून एवढा कोवळा, एवढा लाजरा आवाज. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

आणि पदही कुठलं, तर 'संगीत हेमप्रभा'मधलं शेवटचं! राजकन्या हेमप्रभा दोन अंक शूरदत्ताला झुलवते, रुसते, हाकलून लावते. तिसऱ्या अंकात त्याची पावलं ओळखते आणि या एका पदातून त्याला 'हो' म्हणते. नाटकवेड्या घरांत हे पद पोरी पाळण्यातच ऐकायच्या. जन्मात एकदा तरी हेमप्रभा करायची, असं गाणं शिकणाऱ्या प्रत्येकीला वाटायचं. संघप्रियालाही वाटायचं. वाटायचं म्हणजे काय, त्यापायी झोप उडायची तिची!

पण गळा पडला बापाचा. ज्ञानदेव रेल्वेत फिटर. भीमजयंतीला माईकशिवाय गायचे तर शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे. तोच खर्जातला भारदस्त आवाज लेकीच्या वाट्याला आला. फोनवर लोक तिला खुशाल "भाईसाब" म्हणायचे. ती हसून सोडून द्यायची… घरी जाऊन मात्र आरशापुढे बारीक आवाज काढून बघायची. जमायचं नाही ते नाहीच.

तो बाहेर आला. हिच्या तोंडाकडे बघून थबकला.

"ऐकू आलं काय?"

"काय?"

"…काय न्हाय."

"दार नीट लागत नाही आमचं," ती म्हणाली, आणि तो मिठागरावरच्या उन्हात उभा असल्यासारखा लाल झाला.

"कुनाला सांगू नका हां मॅडम. मी जयकुमार. भाईंदरच्या कोळीवाड्यातला. तिथं कळलं तर जगू नाय देणार मला."

तो गेला. संध्याकाळी नेहमीप्रमाणे आत्मारामकाका आले आणि स्टुलावर बसले. रिटायर्ड पोस्टमास्तर, कॉलनीच्या नाट्यमंडळाचे सर्वेसर्वा, पेटी त्यांच्या बोटांतच. जानेवारीत 'हेमप्रभा' करायचं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. अडलं होतं एकच, हेमप्रभा कुठाय? सगळ्या स्टेशनला तोच खेळ लागला होता. फरसाणवाला म्हणायचा, "काका, फिल्लम की हिरॉइन लाव ने!" रिक्षावाले आपापल्या मेहुण्यांची नावं सुचवायचे. एकानं तर रागिणी गाते म्हणून सासूच पुढे केली. काका सगळ्यांना नाकं मुरडायचे. "ही फार मोठी. ती फार चिरकी. हिला ताल नाही, तिला नवरा सोडत नाही…" संघप्रिया गप्प ऐकायची. तिच्या मनातलं नाव तिनं कधी ओठावर आणलं नाही.

जयकुमार मात्र परत आला. दुसऱ्या दिवशीही आला. आणि त्यानंतर रोजच.

"आज कुठे?"

"जरा… अर्जंट फोन हाय."

आत जाऊन त्यानं वेळ सांगणाऱ्या नंबरला फोन लावला. मीटरवर तिला दिसत होतं ना सगळं! बाई तिकडे वेळ सांगत राहिली आणि हा डोळे मिटून गात राहिला. दार आपोआप उघडं राहिलं, असं तिनंही दाखवलं.

"घड्याळ नाही का तुमच्याकडे?" एकदा तिनं विचारलंच.

"हाय की." त्यानं मनगट पुढे केलं. "पन पाच मिन्टं मागं चालतं."

"मग लावून घ्या बरोबर."

"लावलं तर उद्या काय निमित्त सांगू?"

ती फोनच्या तारेशी खेळत राहिली. कान तापले होते. मेला, बोलतो पण कसा!

आणि नेमकं त्याच आठवड्यात काकांनी हात टेकले. स्टुलावर बसून म्हणाले, "संघप्रिया, तूच कर गं हेमप्रभा. पट्टी खाली घेऊ. भागवून नेऊ कसंतरी."

हेमप्रभा… ती! ज्या शब्दांसाठी ती वर्षानुवर्षं झुरत होती ते काकांनी चहाच्या घोटाबरोबर सांगून टाकले. तिला नाचावंसं वाटायला हवं होतं. पण कानात घुमत होता तो केबिनमधला आवाज. 'भागवून नेऊ' म्हणे! ज्यानं पुरणपोळी चाखली, त्याला भाकरीचा तुकडा पुरणपोळी म्हणून कसा खपवायचा? रात्रभर ती कूस बदलत राहिली. आई इंदूबाईंनी दोनदा विचारलं, "पोट दुखतंय का गं?"

दुसऱ्या दिवशी तिनं काकांना लवकर बोलावलं आणि जयकुमार आत गेल्यावर दार मुद्दाम सताड उघडलं.

काकांचा चहा ओठाशीच थांबला. पद संपलं तेव्हा म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "कोण आहे ती? कुठल्या घरची मुलगी?"

मिशीवाला बाहेर आला. काका स्टुलावरून पडायचेच बाकी होते.

"हीच! हीच माझी हेमप्रभा!" ते ओरडले. जयकुमारनं एकदा उघड्या दाराकडे पाहिलं, एकदा संघप्रियाकडे. "कुनाला सांगू नका बोललो होतो ना," एवढंच म्हणाला आणि चालता झाला.

आठवडाभर तो फिरकला नाही. वेळेचा नंबर कुणी लावेना. संघप्रियाला तो काचेचा डबा बघवेना. शेवटी रविवारी तिनं बस पकडली आणि थेट भाईंदरचा कोळीवाडा गाठला.

खाडीच्या काठी काठ्यांवर बोंबील वाळत होते. ओढून ठेवलेल्या एका होडीत जयकुमार इंजिनात डोकं घालून बसला होता. पलीकडे घराच्या ओट्यावर एक म्हातारा जाळं विणत होता.

"रागावलात?"

"न्हाय."

"मग आला नाहीत का?"

त्यानं पाना खाली ठेवला. "ऐका. तो म्हातारा दिसतोय ना, तो माझा बाप. बाबाजी. ह्या गावात हेमप्रभा करायचा. लोक होड्या घेऊन बघायला यायचे. पन त्यानं मिशी काढली तेव्हा आजा जिता होता. बाप जिता असताना पोरानं मिशी काढली म्हंजे काय, ठाव हाय ना? आजा बोलला, मला जितेपनीच मारलास. मरेपर्यंत त्याच्याशी बोलला न्हाय. आता मी माझ्या बापाला तेच दुख देऊ?"

ओल्या जाळ्यांचा वास, वारा, आणि हा एवढा मोठा माणूस बापाकडे असा बघत होता की संघप्रियाचा जीव गलबलला.

"पन काका परवा इथं येऊन गेले, बोलत होते," तो हळूच म्हणाला, "हेमप्रभा तुलाच मिळाली होती. गानाऱ्या हरेक पोरीला पायजे असते ती. मंग दार कशाला उघडलंस? येडी हायस काय?"

"हो, आहे!" ती उसळली. "तू गातोस तेव्हा मला माझं काही आठवतच नाही. मला हेमप्रभा व्हायचं होतं, हेसुद्धा नाही! मी काय करू?"

दोघंही 'तू'वर आले, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

त्यानं चिंधीला हात पुसले. मग म्हणाला, "हेमप्रभा मी झालोच, तर शूरदत्तपन तसाच पायजे. तू होशील?"

"मी? पुरुष?" तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "तूही चेष्टा कर माझ्या आवाजाची!"

"चेष्टा?" तो उठूनच उभा राहिला. "अगं, 'बोला, कुठला नंबर?' म्हनतेस ना तू… तेवढं ऐकायला मी रोज भाईंदरवरून येतो! वेळ काय, इथं देवळाची घंटापन सांगते. तुझ्यासारका आवाज मी जन्मात ऐकला न्हाय. त्या आवाजानं कुनी हाक मारली तर… हेमप्रभा काय, कुनीपन दार उघडेल."

ज्या आवाजाला तिनं आरशापुढे कोंडून ठेवलं होतं, त्याच्याबद्दल कुणी असं बोलतं?

"सत्यवती!" मागून म्हाताऱ्यानं बायकोला हाक मारली. दोघं दचकले. जाळं बाजूला सारून बाबाजी उभे होते, सगळं ऐकून. "पानी आन. आनी माझा वस्तरा."

"बाबा—"

"गप बस. आधी गा."

जयकुमार गायला. पहिल्याच ओळीवर बाबाजींनी हात वर केला. "पाऊल वाजे म्हनताना मान वळवू नको. ती त्याच्याकडं बघत न्हाय रे. ती ऐकते." आणि त्या सत्तरीतल्या कोळ्यानं खांद्यावरचा पंचा पदरासारखा दोन बोटांत धरला, नजर जमिनीला लावली… बस्स, एवढंच केलं. पण त्या वाळत्या बोंबलांमध्ये एक राजकन्या उभी राहिली! संघप्रियाचे हात आपोआप जोडले गेले.

मग त्यांनी पोराला ओट्यावर बसवलं, हनुवटी धरली. "माझ्या बापानं माझ्याशी बोलनं सोडलं," ते म्हणाले. "तो एकदा तरी नाटकाला आला असता, तर…" त्यांनी वस्तरा उघडला. "जित्या बापानं आपल्या हातानं काढली, तर गावाची टाप हाय काय बोलायची?"

वस्तरा फिरला. दारात सत्यवतीबाईंनी पदर तोंडाला लावला होता. मिशी गेली आणि खालून एक अगदी कोवळा चेहरा निघाला. जयकुमारनं लाजून ओठावर हात धरला.

"काय बघतेस?"

"काही नाही," संघप्रिया म्हणाली.

जानेवारीत शाळेच्या मैदानावर मांडव पडला. कोळीवाडा आला, कॉलनी आली, फरसाणवाला सहकुटुंब आला. पुढच्या रांगेत एकीकडे ज्ञानदेव आणि इंदूबाई, दुसरीकडे सत्यवतीबाई आणि बाबाजी. मंगळवारी तालमीत काकांनी दम दिला होता, "एक शब्द इकडचा तिकडे झाला तर याद राखा!"

पहिला अंक. फेटा, तलवार, कमरेला शेला, संघप्रिया शूरदत्त होऊन उभी. तिच्या पहिल्याच आरोळीला ज्ञानदेवांनी शेजाऱ्याला ढोसलं, "माझी पोरगी!" आणि मग विंगेतून हेमप्रभा आली.

अंजिरी शालू, नथ, केसांत अबोली. संथ पावलं. तालमीत संघप्रियानं हे सगळं शंभरदा पाहिलं होतं, पण लुंगीवर! आत्ता ती नुसती बघत राहिली. तिनं जिला लहानपणापासून मनात जपलं होतं ती हेमप्रभा, हुबेहूब, तिच्या समोर चालत येत होती. आणि नाकातली नथ सावरत हळूच डोळा मारत होती.

शूरदत्ताचं वाक्य होतं, 'राजकन्ये, आज्ञा कर, हा शूरदत्त प्राण देईल.' ते कुठे गेलं कोण जाणे. विंगेतून काकांचा पुटपुटाट येत होता. पेटीवरची बोटं थांबली.

"बोल ना," हेमप्रभा ओठ न हलवता कुजबुजली. "पब्लिक बसलीय."

आणि संघप्रिया बोलली. खर्जातल्या, बापाच्या, स्वतःच्या आवाजात.

"तुझ्याइतकं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही. मला दुसरं काही नको. तू हो म्हण."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. काकांनी कपाळावर हात मारला. इथं हेमप्रभेनं 'चालता हो!' म्हणायचं होतं, पदराला झटका देऊन निघून जायचं होतं. त्याशिवाय पुढचे दोन अंक घडायचे कसे?

पण हेमप्रभेनं मान खाली घातली. दोन बोटांत पदर धरला. नजर जमिनीला लावली आणि न वळता, फक्त ऐकल्यासारखं करून गायला सुरुवात केली…

"नको दीप दारी, तुझे पाऊल वाजे…"

काकांना काय, पेटी धरावीच लागली. सगळं मैदान गप्प झालं होतं. इंदूबाईंनी एकदा स्टेजकडे पाहिलं, एकदा पलीकडच्या सत्यवतीबाईंकडे. दोन्ही आयांना एकाच वेळी काय ते समजलं.

पद संपलं. आणि त्या शांततेत पुढच्या रांगेतून बाबाजींचा आवाज आला, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असा.

"अरे पोरांनो, जरा दम खावा! लगीन तिसऱ्या अंकात हाय!"